बर्फाच्या सांध्यावर

स्की बनविणाऱ्या कारखान्यांची हिवाळ्याच्या तोंडावर निघणारी सूचिपत्रे वाचली, तर असा समज व्हावा की ज्या जोडीला ‘ऑल-माउंटन’ ही उपाधी लाभली आहे ती ताज्या भुसभुशीत हिमात तरंगेल, यंत्राने दाबून गुळगुळीत केलेल्या उतारावर रेखीव वळेल, दिवसा वितळून रात्री गोठलेल्या पापुद्र्यावर डगमगणार नाही, आणि एवढे सगळे साधून नवशिक्याच्या गुडघ्यांवर दयाही दाखवील. परंतु भाड्याने द्यावयाच्या जोड्या निवडण्यासाठी गुलमर्गच्या एका लहानशा कार्यशाळेतून ज्याला दर मोसमात त्या एकामागून एक पायांत चढवून उताराने खाली आणाव्या लागतात, त्याला हे पक्के ठाऊक असते की यांपैकी प्रत्येक गुणाचे मोल दुसऱ्या कुठल्यातरी गुणातून वळते करून घेतलेले असते. माझ्यासारख्या नाशिककडच्या माणसाने, ज्याचा बर्फाशी बालपणीचा संबंध रसवंतीगृहापुरता होता, हा उद्योग पत्करावा याचे घरच्यांना अजून नवल वाटते.

परीक्षेला मात्र गुलमर्गसारखे स्थळ नाही. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रज्जुमार्गाचा, पहिला टप्पा 1998 साली आणि दुसरा 2005 साली सुरू झाला. तेव्हापासून सुमारे 2,650 मीटर उंचीच्या कुरणातून निघालेला माणूस कोंगदूरीला पाळणा बदलून अफरवटच्या धारेखाली, सुमारे 3,950 मीटरांवर, दम न लागता पोहोचतो, आणि तेथून खाली येताना एकाच उतरणीत त्याला हिमाच्या नाना अवस्था ओलांडाव्या लागतात. धारेलगत वाऱ्याने ठोकून टणक केलेले हिम, तिच्या आडोशाला त्याच वाऱ्याने आणून टाकलेले मांडीभर खोल आणि मऊ, भूर्जांच्या विरळ रांगांत ऊन न पोहोचल्यामुळे थंडीने आतल्या आत कणीदार होऊन साखरेगत सुटे झालेले, कोंगदूरीभोवती लोकांनी तुडवून ढेकळे केलेले, आणि बाबारेशीकडे उतरणाऱ्या सूचिपर्णी जंगलात दुपारपर्यंत ओले होऊन जड झालेले. चिल्ल-ए-कलांच्या चाळीस दिवसांत, म्हणजे 21 डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, या थरांतले अंतर कमी असते. फेब्रुवारी सरता सरता ते वाढत जाते, आणि आमच्या कामाचे खरे दिवस तेव्हा येतात. हिमकडे कोसळण्याचे भय असले म्हणजे पहारा देणाऱ्या गस्तपथकाच्या आज्ञेने वरचा टप्पा बंद राहतो. त्या दिवशी खालच्या दाबलेल्या उतारावर जे निष्कर्ष निघतात, ते कागदावर कितीही देखणे दिसले तरी मी दप्तरात कच्चे म्हणूनच ठेवतो.

गुणांच्या या व्यवहारातली मुख्य रक्कम म्हणजे स्कीची कंबर, अर्थात बुटाखालची रुंदी. ती 70-75 मिलिमीटर असली तर स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन लवंडते आणि टणक उतारावर मन प्रसन्न करते, पण खोल हिमात खाली बसते. 110च्या पुढे गेली तर खोल हिमात सुखाने तरंगते, पण टणक पृष्ठावर तिची कड पायाच्या रेषेपासून दूर पडल्यामुळे तो सगळा तोल गुडघ्याला सावरावा लागतो. या दोहोंमधला, साधारण 85 ते 100 मिलिमीटरांचा पट्टा हाच आमच्या परीक्षेचा इलाखा. नॉर्वेतल्या तेलेमार्कचा सोंद्रे नोर्हेम एकोणिसाव्या शतकात मध्ये निमुळती स्की वापरत होता. 1950 साली हॉवर्ड हेड या अमेरिकन विमान-अभियंत्याने लाकडी गाभ्याला ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवून धातूच्या स्कीचा बाजार उघडला. 1993 साली स्लोव्हेनियातल्या एलानने बाजूंचा बाक खोल करून वळण सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. आणि 2002 साली शेन मॅक्काँकीच्या कल्पनेतून निघालेल्या व्होलाँच्या ‘स्पॅट्युला’ने पोटाखालची कमानच उलटी करून दाखविली. आजची ऑल-माउंटन स्की या सर्वांची वारस आहे, आणि वारसा आला की वाटणीचे तंटेही आलेच. टोक उचललेले असले तर हिमावर चढते, पण टणक जागी तेवढी कड निकामी होते. धातूचे पत्रे घातले तर थरथर शमते, पण जंगलातल्या आखूड वळणांत ओझे जाणवते.

जोडी उतारावर नेण्याआधी ती समपातळीवर आणणे हा आमचा शिरस्ता आहे, आणि खरे सांगायचे तर निम्मी परीक्षा तेथेच होते. स्की मेजावर उलटी ठेवायची, तळावरचे मेण खरवडून काढायचे, खिडकीकडे तोंड करून पोलादी पट्टी तळावर आडवी धरायची, आणि एक डोळा मिटून तिच्याखालून पाहायचे. पट्टीच्या मधोमध उजेडाची बारीक फट दिसली तर कडा तळापेक्षा केसभर उंच राहिल्या आहेत असे समजावे. अशी स्की वळणात शिरते खरी, पण बाहेर निघायला राजी नसते, आणि चालविणारा तो दोष तिच्या बांधणीच्या माथी मारतो. फट दोन्ही बाजूंना दिसली तर तळ फुगीर आहे. ती स्की सरळ जाताना उगाच इकडेतिकडे भटकते. मग कानस हाती घेऊन तळाकडून 1 अंश आणि बाजूने 2 अंश असा उतार दिला, की अंगठ्याचे नख कडेवर आडवे ओढून पाहायचे. नखाची पांढरी भुकटी निघाली, तर कड तयार झाली. नवी कोरी जोडीसुद्धा या तपासणीत बिनबोभाट उतरेल अशी खात्री मी कधी धरीत नाही.

बूट स्कीला जखडणारे बाइंडिंग रुळावर सरकणारे घेतो, म्हणजे प्रत्येक जोडीवर तोच बूट कारखान्याने आखलेल्या रेषेवर बसविता येतो. रेषेच्या एक सेंटिमीटर पुढेमागे झाले तरी स्कीचा स्वभाव पालटतो. बूट कितव्या आकड्यावर सुटावा, हे आयएसओ 11088 या मानकाप्रमाणे वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि चालविण्याची रीत पाहून मुक्रर करायचे. त्यात मर्दुमकीला वाव नाही. वरच्या अंगाची चित्रे आणि नावे कागदी पट्टीने झाकून टाकतो, कारण नाव झाकले की निम्मे मत आपोआप गळून पडते. एक जुनी, अंगवळणी पडलेली जोडी मात्र मी सकाळी सर्वांत आधी आणि दुपारी सर्वांत शेवटी चालवितो. तीच जोडी शेवटच्या फेरीत बिघडलेली भासली, तर बिघडले आहेत माझे पाय किंवा डोंगरावरचे हिम, आणि मधल्या सगळ्या नोंदींची त्या हिशेबाने फेररुजवात करावी लागते.

आता मुद्द्याचे. चांगल्या हिमात सगळ्याच चांगल्या स्की चांगल्या असतात, आणि नुसत्या वाईट हिमात कुठलीही सुखाची नसते. म्हणून ऑल-माउंटन जोडीचा निवाडा मी मऊ हिमातही करीत नाही आणि टणक उतारावरही करीत नाही, तर एक हिम संपून दुसरे सुरू होते त्या सांध्यावर करतो. बाउडन आणि ह्यूज यांनी 1939 साली स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख येथे केलेल्या प्रयोगांतून असे मांडले की स्की घसरते ती घर्षणाच्या उष्णतेने तिच्याखाली सुटणाऱ्या पाण्याच्या पातळ थरावरून. कडक थंडीत तो थर नीट धरत नाही, तळ वाळूवर घासल्याप्रमाणे अडतो. उलट उन्हाने ओले झालेले हिम पाण्याच्या ओढीने तळाला चिकटते. भूर्जांच्या सावलीतून बाहेर येताना हा पालट चार हातांच्या अंतरात घडतो. पाय एकाएकी मागे ओढले जातात आणि छाती पुढे जाते. त्या क्षणी स्कीचे टोक मऊ असेल तर ते नांगी टाकते. फार ताठ असेल तर हिमात रुतून माणसाला वरून पलीकडे फेकते. आणि ज्या जोडीचे टोक वाकूनही आपली दिशा सोडीत नाही, जिचा मध्य तळव्याखाली स्वस्थ राहतो, ती जोडी मी बाजूला काढून ठेवतो, मग टणक उतारावर ती दुसऱ्या क्रमांकावर का असेना. याच कारणासाठी प्रत्येक जोडी त्याच सांध्यावरून दोनदा नेतो, एकदा सावध असताना आणि एकदा दूरच्या झाडावर नजर ठेवून, कारण सावध माणूस स्कीचे दोष स्वतःच्या पायांनी झाकून टाकतो.

गिऱ्हाइकांना हे सांगणे अवघड जाते. इथल्या सरकारी संस्थेत शिक्षणक्रमासाठी पुण्या-मुंबईची उत्साही मंडळी येतात, त्यांतले काही पुढे आमच्याकडेही डोकावतात. मागे एक डॉक्टर म्हणाले, ‘‘अहो, एवढ्या जोड्या पाहिल्यात ना तुम्ही, मग यांतली चांगली कुठली तेवढे सांगून टाका, बाकीचे राहू द्या.’’ मी त्यांचे वजन विचारले, दुपारनंतर पाय किती दमतात ते विचारले, आणि जंगलात उतरणार का ते विचारले. तेव्हा तपासणी त्यांचीच चालली आहे असे वाटून ते थोडे हिरमुसले. त्यांना अखेर 88 मिलिमीटरांची, धातूचे पत्रे नसलेली जोडी दिली. ज्याला जोर लावून स्की वाकविता येत नाही, त्याच्या पायांत ताठ स्की घालणे हा माझ्या मते आमच्या धंद्यातला सर्वांत सर्रास चालणारा अन्याय आहे.

आमच्या कार्यशाळेतले काश्मिरी उस्ताद, ज्यांचे अर्धे आयुष्य याच उतारांवर गेले, यांना माझी सांध्याची गोष्ट मान्य आहे, शेपटीची नाही. माझे म्हणणे असे की पुढचे टोक अडले म्हणजे माणूस सावरताना मागे रेलतो, आणि तेव्हा आधार द्यायला शेपटी सपाट आणि कणखर हवी. ते म्हणतात, माणूस मागे रेललाच का? शेपटी मऊ आणि किंचित उचललेली असावी, म्हणजे बाबारेशीच्या झाडीत दोन बुंध्यांमधून ती बाजूला घसरविता येते. कणखर शेपटी तिथे अडकते, आणि झाडाशी हुज्जत घालता येत नाही. एकाच कंबरेच्या, पण वेगळ्या शेपटीच्या दोन जोड्या आम्ही यासाठी राखून ठेवल्या आहेत आणि मार्चमधल्या गोठलेल्या पापुद्र्याची वाट पाहतो आहोत. कडा मी घासायच्या, बाइंडिंग त्यांनी बसवायचे, असे ठरले आहे. त्यांची एकच अट आहे: वाट ते निवडणार.