हॅडॉक आणि घोळ

यॉर्कशरमधील वास्तव्यात आम्हां डहाणूकर दांपत्यापुढे दर शुक्रवारी एकच प्रश्न असे : कॉड की हॅडॉक? तिथल्या लोकांचा कौल हॅडॉकला. पिठाच्या कवचात मासा स्वतःच्याच वाफेवर शिजतो; म्हणून तो जाड, पांढरा, कमी तेलकट, पाकळ्या सुटणारा हवा. पाणीदार बोंबील त्यात विरघळतो, बांगडा तेलकट पडतो. गुणांनी जवळची ती आपली घोळ. २०२३ साली राज्यमासा ठरलेले पापलेट मात्र अख्खे, काट्यासकटच खावे. त्याचा बिनकाट्याचा तुकडा म्हणजे कवितेचा सारांश. डहाणूला फोनवर हॅडॉकची चव सांगताना ‘घोळीसारखी’ म्हणावेच लागे, आणि लगेच आईंचा प्रश्न येई, “मग काटे कुठे गेले?” त्याचे उत्तर आमच्या मराठीत नव्हते.