जुन्या साच्याची गिटार

पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा मजकूर तोच राहतो. कागद, बांधणी आणि किंमत तेवढी बदलते. वाद्याची नवी आवृत्ती काढणे त्याहून अवघड, कारण वाद्याचा मजकूर लाकडात आणि तारेत असतो. इलेक्ट्रिक गिटारीच्या अशा आवृत्तीला 'रीइश्यू' म्हणतात व आपल्याकडील वादकांच्या तोंडीही हाच शब्द रुळला आहे. एखाद्या गाजलेल्या जुन्या नमुन्याचा साचा, घाट आणि रंग तसाच ठेवून त्याच कंपनीने नव्याने घडवलेली गिटार म्हणजे रीइश्यू. तशी गिटार कोणी दहा-वीस वर्षे वाजवून विकायला काढली म्हणजे मामला आणखी गुंतागुंतीचा होतो. नक्कल खरी, पण तीही जुनी! तिचे मोल करायचे कसे? या प्रश्नाशी २०२३ च्या पावसाळ्यात आमची गाठ पडली आणि दोन महिने आम्हाला दुसरे काही सुचले नाही.

थोडा इतिहास सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' ही गिटार बाजारात आणली. दोन शिंगांचे अंग, तीन पिकअप आणि स्क्रूंनी अंगाला आवळलेली मान. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने हा कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. त्यानंतर गिटारीचे डोके मोठे झाले, पुढे मानेचे चार स्क्रू जाऊन तीन आले, आणि वादक लोक जुन्याच गिटारी शोधू लागले. ही ओढ जपानी कारखान्यांनी ओळखली. 'टोकाई', 'ग्रेको' या नावांनी जुन्या अमेरिकन नमुन्यांच्या इतक्या हुबेहूब नकला निघाल्या, की मूळ कंपनीला स्वतःचीच नक्कल करणे भाग पडले. १९८२ साली फेंडरने १९५७ आणि १९६२ या सालांच्या साच्यांवर स्ट्रॅटोकास्टर काढल्या. त्याच वर्षी 'फेंडर जपान'ची स्थापना झाली व मात्सुमोतो येथील फुजिगेन कारखान्यात तेच साचे जपानी कारागिरांच्या हाती आले. एका मूळ वस्तूच्या दोन अधिकृत नकला, दोन देशांत!

येथे एक गंमत आहे. १९८२ मध्ये नक्कल झाली तेव्हा मूळची १९६२ ची गिटार अवघी वीस वर्षांची होती. आज ती नक्कलच चाळिशी ओलांडून गेली आहे.

आमचा पुतण्या लग्नसमारंभात वाजवतो. त्याचे पोट त्यावरच आहे. त्याची पहिली गिटार कलकत्त्याच्या बनावटीची 'गिव्हसन' होती. दुसरी बरी होती, पण तिची मान वळली आणि बाराव्या पडद्यापुढे प्रत्येक स्वर चढा लागू लागला. मांडवात शंभर माणसे असोत की हजार, सनई बेसूर झालेली कळत नाही असे नाही. पुढच्या हंगामाच्या दोन सुपाऱ्या त्याच्या हातून गेल्या. तेव्हा आमच्या वहिनींनी पतपेढीतून ऐंशी हजार रुपये काढले, आणि पोराबरोबर जाणते माणूस हवे म्हणून आम्हाला सोबत धाडले. तरुणपणी आम्ही थोडे वाजवत असू, एवढीच आमची पात्रता.

पहिली गिटार मुंबईतील एका विक्रेत्याकडे पाहिली. तो म्हणाला, ही अमेरिकन, बासष्टच्या साच्याची. मानेच्या मागील पोलादी पट्टीवर 'व्ही' अक्षर व त्यापुढे आकडे होते आणि अमेरिकन रीइश्यूवर असा क्रमांक असतो, हे खरे आहे. मागणी एक लाख चाळीस हजारांची. आमच्याजवळ किती आहेत हे कळताच तो हळूहळू नव्वदावर आला. पुतण्याचे डोळे चमकू लागले. आम्हाला मात्र ती घसरण आवडली नाही.

ती पोलादी पट्टी चार स्क्रूंवर असते. चार स्क्रू काढले की ती दुसऱ्या कोणत्याही गिटारीला बसते. म्हणून पट्टीवरचा आकडा हा पट्टीचा जन्मदाखला, गिटारीचा नव्हे. आम्ही पडदे मोजले. सत्तावन आणि बासष्टच्या साच्याला एकवीस पडदे असतात. बावीस भरले असते तर प्रश्न तेथेच मिटला असता. एकवीसच भरले. मग आम्ही डोक्याकडे पाहिले. मानेच्या पोटात 'ट्रस रॉड' नावाची पोलादी सळई असते. तारांचा ताण मानेला पुढे ओढतो, सळई तिला मागे धरते. तिची चावी जुन्या साच्यात मानेच्या बुडाशी, अंगात दडलेली असते. या गिटारीला ती डोक्याच्या बाजूला होती. मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे फेंडरचा दुसरा कारखाना आहे. तेथील साध्या स्ट्रॅटोकास्टरला अनेक वर्षे एकवीस पडदे आणि डोक्याकडची चावी अशी मान बसत असे. शिवाय डोक्यावरचे लाखेचे पाणी मानेच्या पाठीहून वेगळे दिसत होते. तेथून काहीतरी घासून काढले होते, हे उघड होते.

पुतण्या हळूच म्हणाला, "पण काका, आवाज चांगला आहे हो."

आवाज चांगला होताच. मेक्सिकोची गिटार वाईट असते असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कित्येक गुणी वादकांनी तिच्यावर आयुष्य काढले आहे. पण तिच्या स्वतःच्या नावाने तिची जी किंमत व्हावी, तीत आणि नव्वद हजारांत फार अंतर होते, आणि ते अंतर आमच्या वहिनींच्या हप्त्यांतून जाणार होते. विक्रेत्याला आम्ही चावीविषयी विचारले. त्याने आम्हाला चहा विचारला. आम्ही उठलो.

त्या दिवसापासून आम्ही आकड्यांकडे कमी आणि झिजेकडे अधिक पाहू लागलो. वाजवलेल्या वाद्याची झीज एकमेकींना साक्ष देणारी असते. उजव्या हाताची कोपरापुढची बाजू जेथे टेकते तेथे रंग विटतो. पाठीमागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे उठतात. मानेच्या पाठीवर अंगठा फिरतो तेथे लाख गुळगुळीत होते. आणि पहिल्या तीन पडद्यांवर, जेथे साधे सूर धरले जातात, तारांच्या खाचा पडतात. रंग उडालेला आहे आणि पडदे मात्र कोरे, तर विचारावे लागते की पडदे नवे बसवले की म्हातारपण विकत आणले. ही थट्टा नव्हे. १९९५ पासून फेंडरच्याच खास कार्यशाळेतून मुद्दाम झिजवलेल्या, गंज चढवलेल्या नव्याकोऱ्या गिटारी विकल्या जातात आणि त्यांना नव्याहून अधिक दाम पडतो. नवे कपडे फाडून विकण्याची तऱ्हा त्याहून काय वेगळी? परंतु तेथे निदान फसवणूक नाही. घेणाऱ्याला ठाऊक असते.

दुसरी गिटार एका निवृत्त दर्यावर्दी गृहस्थांकडे निघाली. ते बोटीवर असताना १९८६ साली त्यांनी ती योकोहामाला नवीन घेतली होती. बासष्टचा साचा, जपानी बनावट, 'ई' अक्षराचा क्रमांक. त्या काळच्या जपानी गिटारींवर तो असतो. मानेवर शिसवी पट्टी होती. मूळच्या बासष्ट सालातील पट्टी ब्राझीलच्या शिसवीची असे. साठच्या दशकाच्या मध्यानंतर तिची जागा बव्हंशी भारतीय शिसवीने घेतली. आपल्या सह्याद्रीतही वाढणारे हे झाड. आपल्या वाडवडिलांचे पलंग त्याचेच. २०१७ साली या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा गिटारी परदेशी नेणाऱ्यांची तारांबळ उडाली होती. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र अजूनही ती नाही.

आम्ही सुतार फळी पाहतो तसा एक डोळा मिटून मानेच्या कडेवरून नजर टाकली. पीळ नव्हता. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून मध्ये किती फट राहते ते पाहिले. पोस्टकार्ड सरकावे इतकी हवी, येथे दोन पोस्टकार्डे सहज गेली असती. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून आणि मग दाबून वाजवली. दोन्ही सूर जवळजवळ जुळले. पडद्यांत खाचा होत्या, पण एकदा घासून सारखे करता येतील इतकी उंची शिल्लक होती. बटणे फिरवताना खरखर होई. ती धुळीची, चार थेंबांनी जाणारी. घोडीचे स्क्रू समुद्रावरच्या हवेने तांबडे झाले होते.

खरी भीती त्या तांबड्या रंगाचीच होती. बाहेरच्या स्क्रूंना गंज आहे, तर आतल्या चावीचे काय? ती गंजून बसली असेल, तर मान कधीच सरळ होणार नाही आणि साठ-सत्तर हजारांची गिटार भिंतीवर टांगण्याच्या लायकीची उरेल. हे पाहायचे तर मान सोडवणे भाग होते. जुन्या साच्याशी इमान राखताना कंपनीने त्याची ही खोडही इमानाने जपली आहे!

त्या गृहस्थांना ते रुचले नाही. सदतीस वर्षांत मान कोणी सोडवली नव्हती. "पोरा, तुझा विश्वास नाही काय माझ्यावर?" त्यांनी पुतण्याला विचारले. तो आमच्याकडे पाहू लागला. आम्ही म्हणालो, विश्वास तुमच्यावर आहे, चावीवर नाही. ते हसले नाहीत. पण आत जाऊन स्वतःच पेचकस घेऊन आले आणि म्हणाले, काढायची तर मीच काढीन.

स्क्रू कुरकुरत निघाले. मानेच्या टाचेवर पुसट शिक्का होता, खाचेत मूळचा रंग तसाच ताजा होता, आणि चावीच्या तोंडावर पिवळट थर. त्यांनी यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला, दहा मिनिटे वाट पाहिली आणि मग हाताचा जोर लावला. काही झाले नाही. दुसऱ्यांदा किंचित चर्र वाजले आणि चावी पाव फेरा फिरली. पुतण्याने इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

मागणी पंचाहत्तरची होती, अडुसष्टावर तुटली. उरलेल्या बारातून पडदे घासून घेतले, नव्या तारा चढवल्या आणि तांबडे स्क्रू बदलले. जुने स्क्रू पुडीत बांधून पेटीतच ठेवले आहेत, कारण पुढे कोणी विकत घेणारा आला तर तो ते मागेल. पुढच्या आषाढात हवा दमट झाली तशी मान पुन्हा पुढे आली. पुतण्याने आमची वाट पाहिली नाही. तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, पाव फेरा दिला आणि संध्याकाळी तो नालासोपाऱ्याला एका लग्नात वाजवायला गेला.