ओळखीच्या फाइली

डिजिटल फॉरेन्सिक शिकायला लागले आणि सरावासाठी एका जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, समोर आली. लाखांवर फाइली. कुठल्या विंडोजच्या, कुठल्या वापरणाऱ्याच्या, काही उमगेना. मॅडम म्हणाल्या, "एकेक उघडत बसू नकोस. आधी हॅश काढ."

हॅश म्हणजे फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून गणिताने निघणारी आकडे-अक्षरांची ओळ. एसएचए-२५६ पद्धतीत ६४ अक्षरांची. फाइलीचं नाव बदललं, ओळ तीच राहिली. मग मजकुरात फक्त एक पूर्णविराम वाढवला, तर सगळी ओळच बदलली! रिकाम्या फाइलीलाही हॅश असतो आणि कुठल्याही संगणकावर तो एकच, 'ई३बी०सी४४२'ने सुरू होणारा. मी थक्क होऊन बघत राहिले.

अमेरिकेतली एनआयएसटी ही सरकारी संस्था सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती जमवते, त्यातल्या फाइलींचे हॅश काढते आणि ती यादी फुकट देते. यादीचं नाव एनएसआरएल. तिच्याशी ताडून पाहिल्यावर विंडोजच्या फाइलींचा मोठा ढीग एका झटक्यात बाजूला झाला. पत्रं, फोटो, हिशेब आता कुठे दिसू लागले.

मला वाटलं, बाजूला गेलेलं सगळं निर्धोक. मॅडमनी विचारलं, "कशावरून?" त्या यादीत हॅकिंगची साधनंही आहेत! फाइल कुठल्या सॉफ्टवेअरची एवढंच ती सांगते. चांगली की वाईट, ते नाही. आणि नवं अपडेट यादीत नसलं म्हणून ते संशयास्पद ठरत नाही. हे पचायला मला वेळ लागला, पण या विद्येतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, असं माझं मत आहे.

हॅश काढायची पद्धतही जपून निवडावी लागते. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी एसएचए-१ या दुसऱ्या पद्धतीने एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रातही हॅश नोंदवायचा असतो. म्हणून पुरावा म्हणून पेन ड्राइव्ह कुणाच्या हाती देणार असाल, तर आधी त्यातल्या फाइलींचे हॅश काढा आणि त्यांची नोंद स्वतःजवळ ठेवा.