मोरचुदांतलें पाणी

स्फटिकजल हा शब्द शालेय रसायनशास्त्राच्या वाटेनें बहुतेक सुशिक्षित घरांत येऊन गेलेला असतो. मोरचुदाचा निळा खडा परीक्षानळींत तापविला कीं त्याचा पांढरा भुगा होतो, नळीच्या थंड कडेवर पाण्याचे थेंब जमतात, आणि भुग्यावर पुन्हां पाणी टाकलें कीं निळा रंग परत येतो; एवढें बहुतेकांस आठवतें. त्यावरून असा समज रूढ होतो कीं हें पाणी म्हणजे स्फटिकाच्या घरीं उतरलेला पाहुणा; ऊन लागलें कीं चालता होणारा, आणि त्याच्या जाण्यानें घरचें कांहीं न बिघडणारा. आमच्या मतें हा समज पाण्यावर अन्याय करणारा आहे. तसाच अन्याय घरांतल्या माणसांवरही होतो, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

मोरचूद आपल्याकडे नवें नाहीं. आयुर्वेदाच्या रसग्रंथांत तें तुत्थ किंवा मयूरतुत्थ या नांवानें येतें. मोर संस्कृतांतही आहे आणि मराठींतही. नाशिककडील द्राक्षांच्या बागांवर तें चुन्याबरोबर कालवून फवारतात. हें बोर्डो मिश्रण फ्रान्समध्यें मियार्दे यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. शास्त्राच्या इतिहासांतही या खड्याचा मान मोठा आहे. म्यूनिक येथें १९१२ सालीं लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिख व क्निपिंग यांनीं स्फटिकांतून क्ष-किरण पाठवून पाहिले, तेव्हां त्यांनीं पहिला स्फटिक घेतला तो मोरचुदाचा. फोटोच्या काचेवर जे ठिपके उमटले, त्यांनीं दोन गोष्टी एकदम सिद्ध केल्या: क्ष-किरण लहरींसारखे वागतात, आणि स्फटिकांत अणूंची नियमित मांडणी असते. लाउए यांस १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र त्या मांडणीचा तपशील उलगडण्यास १९३४ साल उजाडावें लागलें. तें काम बीव्हर्स व लिप्सन यांनीं केलें.

तांबें, लोखंड, कोबाल्ट, निकेल या धातूंचा एक विशेष असा कीं, त्यांचा अणु आपल्याभोवतीं ठराविक संख्येनें शेजारी गोळा करतो. अशा संयुगांस जटिल संयुगें म्हणतात. हे शेजारी बहुधा चार किंवा सहा असतात, ही गोष्ट झुरिक येथील आल्फ्रेड वेर्नर यांनीं १८९३ पासून मांडली व त्याबद्दल त्यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मोरचुदांत तांब्याच्या प्रत्येक अणूमागें एक सल्फेट आणि पाण्याचे पांच रेणु असतात. पांचांपैकीं चार रेणु तांब्याभोवतीं चौकोनाच्या कोपऱ्यांवर बसतात. वर आणि खालीं, जरा दूर, सल्फेटांचे दोन ऑक्सिजन येतात. अशा सहा जागा भरतात. पांचवा रेणु मात्र तांब्याला शिवत नाहीं. तो सल्फेटांचे ऑक्सिजन आणि तांब्याजवळचें पाणी यांमध्यें हायड्रोजनबंधांनीं धरलेला असतो.

आतां हा खडा तापवूं लागलें असतां पाणी एकदम जात नाहीं. सुमारें ६३ अंश सेल्सिअसला दोन रेणु जातात, १०९ च्या सुमारास आणखी दोन, आणि उरलेला एक २०० च्या आसपास. तापविण्याचा वेग व हवेंतली वाफ यांप्रमाणें हे आंकडे मागेंपुढें होतात. पण पायऱ्या तिन्ही दिसतात. शंभर ग्रॅम मोरचूद पहिल्या पायरीनंतर ८५.६ ग्रॅम, दुसरीनंतर ७१.१ आणि तिसरीनंतर ६३.९ ग्रॅम भरतें. जवळजवळ छत्तीस ग्रॅम पाणी त्या कोरड्या दिसणाऱ्या खड्यांत होतें!

पुष्कळ पाठ्यपुस्तकांत असें सांगतात कीं, तांब्याजवळचे चार रेणु आधीं जातात आणि निराळा असलेला पांचवा शेवटीं जातो. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु मधल्या पायऱ्यांवरील स्फटिकांची रचना क्ष-किरणांनीं पाहिली, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. तीन रेणु उरलेल्या स्फटिकांत तांब्याजवळ तीन पाणी व तीन सल्फेटांचे ऑक्सिजन असतात. एकच रेणु उरलेल्या स्फटिकांत तो एकटा रेणु दोन तांब्यांमध्यें बसून दोघांसही धरतो, म्हणून प्रत्येक तांब्याला दोन पाणी आणि चार ऑक्सिजन मिळतात. पाणी मुळींच नसलें म्हणजे सहाही जागा सल्फेटांकडे जातात. सहा जागा कधींच ओस पडत नाहींत. जो गेला त्याच्या जागीं उरलेल्यांपैकीं कोणी तरी सरकतो, आणि सारी घडी नव्यानें बसते. म्हणून आरंभीं जो निराळा होता तोच अखेरपर्यंत निराळा राहिला, असें म्हणण्यास आधार नाहीं.

आमच्या घरांतून गेल्या कांहीं वर्षांत दोन बिऱ्हाडें निघालीं. एक पुण्यास, एक परदेशीं. मागें राहिलेल्या वडील मंडळींच्या बोलण्यांत वरचेवर येऊं लागलें कीं, रक्ताचे ते आपले, बाकीच्या काय, परक्या घरून आलेल्या. आम्ही मात्र पाहत होतों तें वेगळें होतें. काकूंच्या मागें देवघर धाकट्या वहिनींनीं उचललें. आजोबांचीं औषधें पुतण्याच्या अंगावर आलीं. आणि थोरल्या वहिनी, ज्यांस या घराचें रक्त नाहीं, त्याच आज दोन्ही बिऱ्हाडांस धरून आहेत. कोणाकडे काय दुखतें खुपतें हें दोन्हीकडे त्यांच्याच तोंडून कळतें, आणि दिवाळीचे डबे त्यांच्याच हातून भरले जातात. त्यांस परकें म्हणणें हें त्या सोप्या पाठ्यपुस्तकासारखें झालें.

रंगाविषयींही एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. निळेपणा एकट्या पाण्याचा नव्हे, आणि एकट्या तांब्याचाही नव्हे. तांब्याला पाण्याचा शेजार असला म्हणजे प्रकाशांतला तांबडा भाग शोषला जातो व खडा निळा दिसतो. शेजारीं नुसते सल्फेटच उरले कीं तें शोषण डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त भागांत सरकतें, आणि भुगा पांढरा होतो. तांबें तेंच, पण शेजार बदलतांच रंग गेला.

पांढऱ्या भुग्यावर पाण्याचे थेंब टाकले तर तो तापतो व क्षणांत निळा होतो. पण परत येतो तो रंग. पूर्वीचा पैलूदार खडा येत नाहीं. त्यासाठीं भुगा गरम पाण्यांत विरघळवून, गाळून, तें पाणी हालचालीपासून दूर कित्येक दिवस ठेवावें लागतें. याउलट, उष्णता सुमारें ६५० अंशांपर्यंत नेली तर सल्फेटच फुटतो, गंधकाचे दाहक वायु निघून जातात, आणि शंभर ग्रॅममागें बत्तीसेक ग्रॅम काळें तांब्याचें ऑक्साइड उरतें. मग त्यावर घागरभर पाणी ओतलें तरी निळें कांहीं येत नाहीं. (मोरचूद विषारी आहे, हे प्रयोग स्वयंपाकघरांत किंवा मुलांच्या हातीं देऊन करूं नयेत.)

पाणी जाणें आणि सल्फेट फुटणें या दोन गोष्टींत अंतर आहे, तसेंच घर पांगणें आणि घर मोडणें यांतही. नोकरीसाठीं, शिक्षणासाठीं माणसें दूर जाणारच. त्याचें दुःख मानलें तरी भय मानूं नये. वांटणीच्या वेळीं बोलले जाणारे कांहीं शब्द मात्र त्या शेवटच्या आंचेसारखे असतात. ते उच्चारण्यापूर्वीं वडिलांनीं आणि धाकट्यांनींही थांबावें, एवढीच आमची विनंति आहे.

आणि जे परत येतात त्यांस वेळ द्यावा. यंदां गणपतीस धाकटे बंधु सहकुटुंब दोन दिवसांसाठीं येणार होते. थोरल्या वहिनींनीं त्यांस निरोप धाडून आठ दिवस मागून घेतले आहेत.