भीती पडद्यावरचीच बरी

भुताचे चित्रपट आम्हाला भारी आवडतात, हे आधीच कबूल करतो. लहानपणी कारंजात वर्गणी काढून, व्हीसीआर भाड्याने आणून आम्ही रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (1984) पाहिला. त्यात सामरी सैतान राजघराण्याला शाप देतो की, घरातील लेकी बाळंतपणातच मरतील. ते ऐकताच आजी उठून बाहेर गेली. आमची मोठी आत्या बाळंतपणातच गेली होती. ‘बाहेरचं लागलं,’ असे लोक म्हणाले. खरे तर रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिला दवाखान्याऐवजी आधी भगताकडे नेले होते.

आजही रविवारी रात्री कॉलेजातल्या मुलांसह घरी असे चित्रपट पाहतो. ‘तुंबाड’ (2018) आम्हाला सर्वांत सरस वाटतो, कारण त्यातले खरे भूत माणसाची हाव आहे. चित्रपट संपून दिवा लागला की मुलांना आत्याची गोष्ट सांगतोच. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा आहे.

वाचकहो, भुताला खुशाल घाबरा, पण चित्रपट संपेपर्यंतच! घरात दुखणे आले की थेट दवाखाना गाठा.