ओट्याच्या टाइल आणि आजीचा खोकला

तुमच्या घरी कधी ओट्याचं काम निघालं, तर मिस्त्रीला भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा. कोणता, ते शेवटी सांगते. आधी आमच्या घरी काय झालं ते ऐका.

मी आणि दादा बंगळुरूत बेळ्ळंदूरला राहतो. ओट्याचा जुना कडाप्पा डागाळला होता. निपाणीहून आई राहायला आली आणि आठवड्याभरात नवा ओटा करायचं ठरलं. आम्ही व्हिट्रिफाइड टाइल आणल्या. या टाइल साधारण १२०० अंश सेल्सिअसला भाजतात, त्यामुळे स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाहीत. हळद, तेल, चहा मुरायची भीती नाही. पण हाच कठीणपणा कापताना आडवा येतो.

सरळ तुकडा हातकटरनं रेघ मारून मोडता येतो. सिंक आणि शेगडीच्या खाचेला मात्र मशीनच लागतं. मिस्त्री बाल्कनीत बसला आणि कोरडाच ग्राइंडर चालवू लागला. पाच मिनिटांत दोरीवरचे कपडे, तुळस, खिडकीची जाळी, सगळं पांढरं! मिस्त्रीच्या तोंडाला नुसता गमछा होता. तो मधूनमधून खोकत होता. मला एक लेख संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. खरं सांगते, तो खोकला मी ऐकला आणि हेडफोन लावले.

आई मात्र उठून बाल्कनीत गेली. "भाऊ, मशीन बंद करा. पाणी घेऊन कापा."

"माताजी, कीचड़ होगा. टाइम भी लगेगा."

"होऊ दे चिखल. मी पुसते," आई मराठीतच म्हणाली.

मग चहा गाळताना तिनं सांगितलं. माझी आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. नाकाला पदर बांधून दिवसभर त्या धुळीत बसायची आणि रात्रभर खोकायची. "आम्हाला वाटायचं, वयाचा खोकला. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती गं."

तंबाखूची धूळ वेगळी, टाइलची वेगळी. टाइलमध्ये सिलिका असते. कोरडं कापताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात आणि फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांना त्यातून सिलिकोसिस होऊ शकतो, आणि एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. ऑस्ट्रेलियात ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कापून कामगार आजारी पडू लागले, तेव्हा १ जुलै २०२४ पासून तिथे त्या दगडावरच बंदी आली. तळ्यावरच्या फेसाबद्दल आम्ही बेळ्ळंदूरकर तावातावानं बोलतो. घरातल्या धुळीला मी फक्त दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादानं पाण्याचा टाइल कटर भाड्यानं आणला. पाण्यानं धूळ जागीच बसते आणि ब्लेडही तापत नाही. तुम्हीही हे लक्षात ठेवा:

• साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका, शॉक बसू शकतो. पाण्यासाठीच बनवलेला कटर घ्या.
• सलग कडेचं डायमंड ब्लेड वापरा. रेघेवर चिकटपट्टी लावली तर टवके कमी उडतात.
• खाचेच्या कोपऱ्यात आधी ड्रिलनं भोक पाडा, म्हणजे टाइल तिथून तडकत नाही.
• रुमाल पुरत नाही. नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच.
• धूळ झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. मुलांना आणि दम्याच्या माणसांना लांब ठेवा.

काम एक दिवस लांबलं. चिखल आईनं नाही, मी पुसला. निघताना मिस्त्रीनं उरलेले मास्क मागून घेतले. "मेरा छोटा भाई भी यही काम करता है," तो म्हणाला.

आता तो प्रश्न. भावाचं बोलणं नंतर करा, आधी एवढंच विचारा: "भाऊ, पाण्यानं कापाल ना?" आणि एका दिवसाची जास्तीची मजुरी द्यायची तयारी ठेवा.