कमरेचं पिस्तूल कमरेलाच

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. तरीही मी परवान्याच्या वर्गाला नाव घातलं. ह्यूस्टनच्या एका उपनगरात माझं छोटं औषधांचं दुकान आहे. तिथल्या कुलपातल्या कपाटात ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही वेदनाशामकं असतात. ज्याला व्यसन लागलंय, त्याला गल्ल्यातल्या पैशांपेक्षा याच गोळ्या हव्या असतात. आसपासची दोन-तीन दुकानं लुटली गेली, तेव्हा मी ठरवलं. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, शस्त्राला खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचं. ते कमरेला लावून औषधं कसली विकतेस?"

परीक्षा सोपी होती. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या झाडायच्या आणि २५० पैकी १७५ गुण मिळवायचे. कागदी पुतळा हलत नाही, ओरडत नाही, उलट गोळी झाडत नाही. आमचे निवृत्त पोलीस असलेले प्रशिक्षक म्हणूनच नेमबाजीपेक्षा बोलण्यावर जास्त वेळ घालवत.

त्यांनी १६ ऑक्टोबर १९९१ ची हकिगत सांगितली. किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एका माणसाने २३ जणांना ठार मारलं. त्यात तिथे जेवायला आलेल्या सुझॅना हप यांचे आई-वडील गेले. हप यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्यानुसार ते पर्समध्ये बाळगता येत नव्हतं. पुढे त्यांनी ठिकठिकाणी साक्ष दिली आणि १९९५ मध्ये परवाना घेऊन पिस्तूल लपवून बाळगू देणारा टेक्सासचा कायदा झाला. "म्हणजे शस्त्र सतत जवळ हवं," वर्गातला एक जण म्हणाला.

प्रशिक्षकांनी त्याला उभं केलं, कमरेला रबरी पिस्तूल दिलं आणि एकवीस फुटांवरून दुसऱ्याला त्याच्या अंगावर धावायला सांगितलं. पिस्तूल शर्टाखालून निघेपर्यंत धावणारा त्याला भिडला होता. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवलंय की एवढं अंतर कापायला माणसाला साधारण दीड सेकंद लागतो.

मग फळ्यावर चार रंग आले: पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल. ही मांडणी नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांची. पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, नारिंगी म्हणजे एका विशिष्ट गोष्टीवर नजर खिळलेली. लाल म्हणजे 'समोरच्याने अमुक केलं तर मी तमुक करीन' हे पक्कं ठरलेलं. मी माझं 'अमुक' वहीत लिहिलं: गोळ्या मागितल्या तर द्यायच्या, पैसे मागितले तर द्यायचे. मागच्या खोलीत चल म्हणाला किंवा दुकानातल्या कुणाला इजा करायला गेला, तर मात्र लढायचं.

तो आला तो ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी. बाहेर अंगाची लाही होत असताना डोक्यावर हूड ओढून तो शुभेच्छापत्रं चाळत होता, तिथेच माझा पिवळ्याचा नारिंगी झाला. रक्तदाब मोजायच्या खुर्चीवर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. त्याने काउंटरवर चिठ्ठी सरकवली आणि पिस्तूल काढलं.

माझं पिस्तूल पांढऱ्या कोटाखाली होतं. ते बाहेर काढायला मला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला असता, त्याला फक्त बोट दाबायचं होतं. "उजव्या हाताने खालचं कपाट उघडतेय," मी मोठ्याने म्हणाले आणि बाटल्या पुढे केल्या. तो गेला. दार लावून मी ९११ ला फोन केला, आणि त्यानंतर हात असे थरथरायला लागले की पेन धरवेना. चोरीला गेलेल्या नियंत्रित औषधांसाठी डीईए या केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण संस्थेचा १०६ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, तो दुसऱ्या दिवशी भरला. पोलिसांनी चेहरा विचारला. मला आठवत होती फक्त पिस्तुलाची नळी आणि अंगठ्याचं काळं नख. मागचा फ्रिज कायम घरघरतो, पण तेवढा वेळ तो मला ऐकूच आला नव्हता.

गणपतीत मंडळात भेटणारा प्रत्येक जण विचारत होता, "मग पिस्तुलाचा उपयोग काय झाला?" टेक्सासचा कायदा काही परिस्थितींत मालमत्ता वाचवण्यासाठीसुद्धा प्राणघातक बळ वापरू देतो, हेही एकाने सुनावलं. देत असेल. पण विमा भरून देईल अशा गोळ्यांसाठी त्या लेकराच्या डोक्यावरून गोळीबार करायचा नाही, हे मी वर्गातच ठरवून आले होते. ऐन वेळी विचार करायला लागले असते, तर भीतीने नाहीतर रागाने माझा हात कोटाखाली गेला असता.

नव्या टेक्निशियनला मी पहिल्या दिवशी हेच विचारते: काय देऊन टाकशील आणि कशासाठी लढशील? उत्तर येईपर्यंत तिला काउंटरवर एकटीला उभं करत नाही. तो माणूस 'मागे चल' म्हणाला असता तर मी पिस्तूल काढलं असतं आणि बहुधा गोळी मलाच लागली असती. वहीत ती ओळ लिहिताना मी हे धरूनच चालले होते.